खऱ्याखुऱ्या चेहऱ्याचा अवतार: हापिसवाले मागतायत, द्यावा का?

कोथरूडची_कावेरी

नमस्कार मंडळी, आमच्या कंपनीत सध्या नवीन खूळ निघालंय. ट्रेनिंग आणि बाहेरच्या टीमबरोबरच्या मीटिंगा हेडसेट (डोळ्यांवर चढवायचा तो व्हीआर चष्मा) घालून व्हर्च्युअल खोलीत करायच्या आणि त्यासाठी प्रत्येकाने रिअलिस्टिक अवतार, म्हणजे तिथे आपल्या जागी हलणारं-बोलणारं डिजिटल रूप, बनवून घ्यायचा असा मेल आलाय. म्हणजे कार्टून नाही, हुबेहूब आपणच. एचआरची मुलगी स्टँडवर फोन लावून एका खोलीत बसलीये, तिच्यासमोर मान वळवायची, हसायचं, भुवया उडवायच्या, वर आवाजासाठी पानभर मजकूर वाचून दाखवायचा. मी विचारलं की साधा कार्टूनवाला चालेल का, तर म्हणे क्लायंटसमोर बरं दिसत नाही.

मला तीन गोष्टी खटकतायत. हा स्कॅन राहतो कुठे? मी नोकरी सोडली की त्याचं काय होतं? आणि उद्या माझ्या चेहऱ्यात शिरून दुसरंच कोणी बोललं तर? इथे गेमिंगवाले, कायदेवाले सगळे आहेत म्हणून विचारतेय. कृपया 'नोकरी बदला' हा सल्ला नको, गृहकर्ज आहे.

सांगलीचा_शहाणा

काय ताई, एवढं काय घाबरायलाय. आधारला बोटं दिली, बुबुळं दिली, सोसायटीच्या गेटवर वॉचमन फोटो काढतोय, इन्स्टावर तर आपणच टाकतोय की ओ. आता एक अवतार दिला तर काय आभाळ कोसळणार? कोण बसलंय तुमचं आमचं थोबाड वापरायला.

बिट_बाय_बिट

शहाणे, फोटो आणि हा अवतार यात फरक आहे. फोटो पडून राहतो, अवतार बोलतो. मी गेमच्या कामात आहे म्हणून सांगतो, कावेरीताईंच्या एचआरकडे जी फाईल तयार होणार तिच्यात काय काय असतं बघा: चेहऱ्याचा त्रिमितीय सांगाडा, त्यावर चढवलेली त्वचा अगदी तीळ आणि मुरुमाच्या डागासकट, आणि ब्लेंडशेप्स, म्हणजे डावी भुवई एवढी वर गेली की चेहरा असा दिसतो, जबडा उघडला की तसा दिसतो याचे तयार साचे. आयफोनमध्ये चेहरा टिपायला एआरकिट नावाची प्रणाली असते, तिच्यात असे ५२ साचे आहेत. भुवया उडवा, गाल फुगवा, ओठांचा चंबू करा हे सगळं त्यासाठीच करून घेतात. एकदा ही फाईल तयार झाली की तिच्यामागे कोण बसलंय याच्याशी फाईलला देणंघेणं नसतं, कॅमेऱ्यासमोर मी हसलो की तुमचा चेहरा हसणार. त्यात वाचून घेतलेल्या पानभर मजकुरावरून आवाजाची नक्कल बनवली की झालं.

पूर्वी यासाठी कॅमेऱ्यांनी भरलेली आख्खी खोली लागायची. मेटाचा झुकरबर्ग २०२३ मध्ये एका पॉडकास्टला तसल्या हुबेहूब अवतारातून बोलला होता, दोघंही वेगवेगळ्या ठिकाणी बसून. आता बऱ्यापैकी काम फोनवर भागतं म्हणून हे खूळ हापिसापर्यंत पोचलंय.

निळा_कोल्हा

म्हणूनच आपण खरा चेहरा वगैरे भानगडीत पडत नाही. व्हीआरचॅटमध्ये (हेडसेट घालून अनोळखी लोकांशी गप्पा मारायची ऑनलाइन जागा) मी निळा कोल्हा आहे, शेपूट पण हलते, माझं नाव गाव कोणालाच माहीत नाही. रात्री जेवण झालं की दोन तास मस्त टाईमपास, ओळख बिळख सगळी सेफ. ताई तुम्ही पण कोल्हा व्हा 😀

बिट_बाय_बिट

कोल्होबा, सेफ म्हणू नका हो इतक्यात. हेडसेटला तुमचा चेहरा दिसो न दिसो, डोकं आणि दोन्ही हात कुठे आहेत हे त्याला सेकंदाला अनेक वेळा कळत असतं, त्याशिवाय तुमचा कोल्हा हलणारच नाही. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये बीट सेबर या गेमची रेकॉर्डिंग घेतली (समोरून ठोकळे येतात, दोन्ही हातातल्या तलवारींनी कापायचे), ५५,५४१ खेळाडूंची, आणि फक्त डोकं आणि हातांच्या हालचालीवरून माणूस ओळखता येतो का ते बघितलं. आधी माणसामागे पाचेक मिनिटांची हालचाल मशीनला शिकवली, मग १०० सेकंदांचा नवीन तुकडा दिला तर ९४ टक्क्यांच्या वर अचूक. दहाच सेकंद दिले तरी ७३ टक्के. एवढ्या पंचावन्न हजारांतून!

त्याआधी २०२० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने ५११ लोकांना नुसते ३६० अंशांचे व्हिडिओ दाखवले, खेळायचं बिळायचं काही नाही, फक्त बघायचं, तरी पाच मिनिटांच्या आतल्या हालचालीवरून ९५ टक्के लोक ओळखू आले. उंची किती, हाताचा पल्ला किती, मान आधी वळते की डोळे, हात उचलताना खांदा उडतो का, हे आपल्याला बदलता येत नाही. जिन्यात चपला वाजल्या की आई आतूनच सांगते ना कोण आलंय ते, तसंच हे.

निळा_कोल्हा

च्यायला. म्हणजे कोल्हा असून फायदा शून्य?

बिट_बाय_बिट

शून्य नाही. समोर नाचणाऱ्या माणसाला तुम्ही कोण ते कळणार नाही, त्याच्यापासून लपायला कोल्हा पुरेसा आहे. प्रश्न ज्याच्याकडे दोन्ही नोंदी आहेत त्याचा. उद्या तुमच्याही हापिसात कावेरीताईंसारखंच सुरू झालं, तिथे तुम्ही खऱ्या नावाने आणि खऱ्या चेहऱ्याने उभे, रात्री घरी त्याच हेडसेटवर, त्याच अकाउंटने कोल्हा, तर दोन्हीकडच्या हालचाली एकाच कंपनीच्या हातात येऊ शकतात आणि मग कोल्ह्याला नाव चिकटायला काही वेळ लागत नाही. म्हणून माझं मत असं की खरा चेहरा द्यायचाच असेल तर तो जिथे लोक तुम्हाला आधीच नावानिशी ओळखतात तिथेच द्या, आणि त्या जागेचं अकाउंट, ईमेल, फोन नंबर आणि जमलं तर हेडसेटसुद्धा इतर कुठे वापरू नका. लोक अवतार कसा दिसतो यावर डोकं खाजवतात आणि लॉगिन मात्र सगळीकडे एकच ठेवतात.

मुक्काम_पोस्ट_एडिसन

माझ्याकडे अ‍ॅपलचा व्हिजन प्रो हेडसेट आहे (इथे अमेरिकेत २०२४ च्या फेब्रुवारीत आला तेव्हाच घेतला, बायको अजून त्यावरून बोलते). त्यात पर्सोना नावाचा प्रकार आहे. हेडसेट काढून आरशासारखा समोर धरायचा, मग तो सांगतो उजवीकडे बघा, डावीकडे, वर, खाली, मग तोंड मिटून हसा, मग दात दाखवून हसा, भुवया वर करा, डोळे मिटा. थोड्या वेळात तुमचा अवतार तयार. पहिल्यांदा मुलीला त्यातून फोन केला तर ती म्हणाली बाबा तुम्ही आजारी आहात का. पण हलतो अगदी माझ्यासारखा, बोलताना मी उजवा डोळा बारीक करतो तेसुद्धा त्याने उचललंय.

आणि तिथेच गोम निघाली. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी दाखवलं की पर्सोनाचे डोळे कुठे वळतायत एवढं बघून समोरच्याला कळू शकतं की तुम्ही काय टाईप करताय, कारण त्या हेडसेटमध्ये बघूनच टाईप करायचं असतं. म्हणजे मीटिंग चालू असताना तुम्ही पासवर्ड टाकलात आणि समोरचा तुमच्या अवताराच्या डोळ्यांत डोळे घालून बसलाय. त्या हल्ल्याला त्यांनी गेझप्लॉइट असं नाव दिलं. अ‍ॅपलने १.३ च्या अपडेटमध्ये दुरुस्ती केली, व्हर्च्युअल कीबोर्ड उघडला की पर्सोना थांबतो. पण मुद्दा तुमच्या लक्षात आला असेल, अवतार जेवढा खरा तेवढं तो जास्त सांगून टाकतो. कार्टूनच्या बटणासारख्या डोळ्यांनी माझा पासवर्ड कोणी वाचला नसता.

रच्याकने, इथल्या इलिनॉय राज्यात २००८ पासून बायोमेट्रिकचा कायदा आहे, लेखी संमतीशिवाय चेहऱ्याची मापं घेता येत नाहीत. फोटोंतले चेहरे ओळखून टॅग सुचवायचे त्या फेसबुकला तिथे ६५ कोटी डॉलर मोजायला लागले होते, २०२१ ची गोष्ट.

निवांत_नलूताई

वाचतेय. तांत्रिक फार कळत नाही पण एक विचारू का? २०२२ मध्ये तामिळनाडूत एका जोडप्याने लग्नाचं रिसेप्शन असं व्हर्च्युअल केलं होतं आणि नवरीचे वडील वारलेले, तर त्यांचा अवतार बनवून आशीर्वाद द्यायला उभा केला होता, पेपरात आलं होतं. मला तेव्हा वाचून डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू. पण आता तुमचं सगळं वाचून वाटतं की त्यांना विचारलं कोणी? लेकीने केलं ते प्रेमाने केलं, पण उद्या माझा अवतार करून कोणी माझ्या भिशीच्या बायकांकडे पैसे मागितले तर मी वरून काय करणार आहे?

वकिलीणबाई_नागपूर

नलूताई, प्रश्न लाखमोलाचा आहे बाप्पा. २०२३ चा आपला डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, त्याच्या कलम १४ मध्ये नॉमिनी नेमायची सोय आहे. बँकेत नेमतो तसाच, आपण गेलो किंवा अंथरुणाला खिळलो तर आपल्या डेटाबद्दलचे हक्क त्याने बजावायचे. फक्त नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापासून १८ महिन्यांची मुदत दिलीये, तेव्हा तोवर तब्येतीला जपा.

आता कावेरीताईंचं. संमती ही मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी आणि माहिती देऊन घेतलेली पाहिजे, नंतर ती मागे घेता आली पाहिजे, असं कलम ६ म्हणतं. ऐकायला छान. पण कलम ७ मध्ये नोकरीच्या कामासाठी म्हणून मालकाला संमतीशिवायही डेटा वापरायची वाट ठेवलीये, आणि कंपनीचे लोक तिकडेच बोट दाखवतील हे धरून चाला. त्यावर माझं उत्तर असं की हाजिरीसाठी चेहरा लागतो हे एकवेळ समजलं, मीटिंगमध्ये ताईंचे खरे गाल दिसल्याशिवाय कोणतं काम अडतं ते लेखी सांगा. तोंडी भांडू नका, मेल करा. मेलमध्ये विचारायचं की स्कॅन कोणाच्या सर्व्हरवर आहे, तुमच्या की व्हेंडरच्या, आवाजाचं मॉडेल बनवणार का, आणि नोकरी सोडल्यावर किती दिवसांत पुसणार. संमतीने दिलेला डेटा पुसून घ्यायचा हक्क कलम १२ मध्ये आहे.

आणि तुमच्या नावाने तुमचा अवतार घालून कोणी गंडवलं तर आयटी कायद्याचं ६६ड, तोतयेगिरी करून फसवणूक, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि लाखापर्यंत दंड. ६६क मध्ये पासवर्ड, सही 'किंवा ओळखीचं अन्य एकमेव वैशिष्ट्य' असं धरलंय, चेहऱ्याची त्रिमितीय फाईल त्यात बसते असं मी कोर्टात हिरिरीने मांडेन, पुढे न्यायमूर्तींची मर्जी.

सांगलीचा_शहाणा

वकिलीणबाई, हे कोर्ट बिर्ट सगळं मोठ्या लोकांचं हो. अनिल कपूरला दिल्ली हायकोर्टाने दिलं संरक्षण २०२३ ला, जॅकी श्रॉफला २०२४ ला, त्याचा तर 'भिडू' शब्दसुद्धा दुसऱ्यांनी धंद्यासाठी वापरायचा नाही म्हणे. आशाताई मुंबई हायकोर्टात गेल्या आवाजासाठी. आमच्यासारख्याने गेलं तर शिपाईच हाकलंल. आणि एवढं असून त्या सचिनचं काय झालं? २०२४ च्या जानेवारीत त्याचाच चेहरा, त्याचाच आवाज, कुठल्या तरी गेमिंग ॲपची जाहिरात करतोय. सायबर पोलिसात गुन्हा दाखल झाला, पण तोवर आमच्या तात्यांनी ॲप डाऊनलोड करून झालेलं. सचिन म्हणतोय म्हटल्यावर तात्या कोणाचं ऐकतोय.

वकिलीणबाई_नागपूर

त्यांचा चेहरा विकला जातो म्हणून त्यांची केस तशी मांडली जाते. आपला विकला जात नाही, पण आपल्याला पुट्टस्वामी आहे, २०१७ चा नऊ न्यायाधीशांचा निकाल, खासगीपणा हा मूलभूत हक्क. आणि दरवेळी हायकोर्ट गाठायला लागत नाही. २०२१ च्या आयटी नियमांत तोतयेगिरीचा, चेहरा मॉर्फ केलेला मजकूर तक्रार आल्यावर प्लॅटफॉर्मने काढायलाच पाहिजे असं आहे, नियम आले तेव्हा मुदत २४ तासांची होती. तुमच्या तात्यांचे पैसे गेले का?

सांगलीचा_शहाणा

नाही गेले. पासवर्ड विसरले ॲपचा 😂

मुक्काम_पोस्ट_एडिसन

हसा, पण कोझिकोडला २०२३ च्या जुलैत एका निवृत्त गृहस्थांना जुन्या सहकाऱ्याचा व्हिडिओ कॉल आला, चेहरा तोच, नातेवाइकाचं ऑपरेशन आहे म्हणून ४०,००० मागितले आणि त्यांनी पाठवले. पुन्हा मागायला लागला तेव्हा शंका आली. आणि तिथे कोणी त्या सहकाऱ्याचा ५२ साच्यांचा स्कॅनही केलेला नसणार. आमच्या घरी तेव्हापासून एक खुणेचा शब्द ठरलाय, पैशाची गोष्ट निघाली की तो विचारायचा, आजीला पण पाठ आहे. समोरचा कितीही खरा दिसू दे, फोन ठेवायचा आणि आपल्याकडच्या नंबरवर आपण लावायचा.

कोथरूडची_कावेरी

बापरे केवढे प्रतिसाद, सगळ्यांचे आभार. वकिलीणबाई, तुमच्या मुद्द्यांवरून मेल केला. उत्तरात व्हेंडरची पीडीएफ चिकटवून दिलीये, तिच्यात एक वाक्य आहे की सहभागी व्यक्तीची 'प्रतिमा, आवाज आणि हालचाल यांवरून केलेली कोणतीही निर्मिती' कायमस्वरूपी आणि कुठेही वापरायचा अधिकार त्यांच्याकडे. आमच्या टीममधल्या बाकी सगळ्यांनी सह्या करून टाकल्यात, कोणी वाचलंच नाहीये. मॅनेजर म्हणतो तू एकटीच का अडून बसलीस.

वकिलीणबाई_नागपूर

'कायमस्वरूपी' आणि 'कुठेही' यावर काट मारा आणि काट मारलेल्या जागी सही करा. वर लिहा की फक्त कंपनीच्या ट्रेनिंग आणि मीटिंगांसाठी, आवाजाचं मॉडेल बनवायचं नाही, नोकरी संपल्यापासून तीस दिवसांत पुसून तसं कळवायचं. बहुतेक वेळा एचआर असा कागद निमूटपणे फाईलला लावतं कारण भांडायला त्यांनाही वेळ नसतो. आणि सह्या केलेल्यांपैकी दोघांना ते वाक्य वाचून दाखवा, मग बघा एकटी राहता का.

बिट_बाय_बिट

स्कॅन द्यावाच लागला तर काही गोष्टी हातात आहेत. गळ्यातलं आयकार्ड आधी काढून ठेवा, नाहीतर नाव आणि एम्प्लॉयी नंबर त्या टेक्स्चरमध्ये, म्हणजे सांगाड्यावर चढवलेल्या चित्रात, कायमचे बसतात, मी असला अवतार प्रत्यक्ष बघितलाय, बाई सगळ्या मीटिंगांत आपला नंबर मिरवत होत्या. मंगळसूत्र, टॅटू, हातावरची जखमेची खूण, हे देऊ नका. स्कॅन करताना तुमच्या मागे काय दिसतंय तेही बघून घ्या. तयार झाल्यावर एडिट करू देत असतील तर चष्मा बदला, तीळ काढा, केस वेगळे करा, मीटिंगमधल्या लोकांना तुम्ही कळाल पण फाईल बाहेर गेली तर ती नेमकी तुमची नसेल. आवाज थेट माईकमधून जाऊ द्या, तो पानभर मजकूर वाचायला सरळ नाही म्हणा, बोलण्यासाठी त्याची गरजच नाही. डोळ्यांचं आणि चेहऱ्याचं ट्रॅकिंग सेटिंगमध्ये वेगळं असतं, मेटाच्या क्वेस्ट प्रो हेडसेटवर तर ते मुळात बंदच यायचं, तुम्ही परवानगी दिल्यावर चालू. बंद ठेवलं तर अवतार जरा मख्ख दिसतो, दिसू दे.

हालचालीचं मात्र आपल्या हातात फार नाही. बर्कलेच्याच लोकांनी मेटागार्ड नावाचं एक साधन करून दाखवलं होतं, उंची आणि हाताच्या पल्ल्यात मुद्दाम थोडा खोटेपणा मिसळायचा, खेळताना माणसाला जाणवत नाही पण मोजणारा चकतो. हेडसेट विकणाऱ्यांनीच असं बटण द्यायला पाहिजे खरं तर, ब्राउझरमध्ये इनकॉग्निटो असतं तसं.

निळा_कोल्हा

मी काल नवीन ईमेल काढून कोल्ह्याचं अकाउंट वेगळं केलं. आणि ताई अजून एक, व्हीआरचॅटमध्ये रिपर लोक असतात, समोरच्याचा अवतार त्यांच्या मशीनवर उतरतोच दिसण्यासाठी, तिथून ते आख्खा कॉपी करतात. माझ्या मित्राने पैसे देऊन बनवून घेतलेला ड्रॅगन दुसऱ्याच दिवशी तीन जण घालून फिरत होते. ड्रॅगन गेला तर गेला, चेहऱ्याचं तसं नाही. म्हणून हापिसवाल्यांना विचारा की बाहेरचा क्लायंट मीटिंगला आला की तुमचा चेहरा त्याच्या मशीनवर उतरतो, का तिकडे फक्त चित्र जातं.

बिट_बाय_बिट

कोल्होबा, या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न तुम्ही विचारलात. चित्र जात असेल तर बरंच बरं, त्याचं रेकॉर्डिंग होईल पण तुमचा साचा जात नाही.

मुक्काम_पोस्ट_एडिसन

आणि हेडसेट कोणाचा ते पण विचारा. माझा हेडसेट पाहुणा म्हणून दुसऱ्याने लावला तर त्याला माझा पर्सोना वापरता येत नाही. हापिसात बहुधा कपाटात चार हेडसेट असतात आणि जो येईल तो घालतो. आधीच्याचं लॉगिन उघडं राहिलं तर पुढचा माणूस थेट तुमच्या तोंडाने क्लायंटशी बोलणार, त्याला हॅकर असायची गरजच नाही.

कोथरूडची_कावेरी

आमच्याकडे सहा आहेत आणि सगळ्यांचा पिन एकच, मागे चिकटपट्टीवर लिहिलाय.

वकिलीणबाई_नागपूर

फोटो काढा त्या चिकटपट्टीचा, पिन झाकून. दुसऱ्या मेलला तो जोडा.